रोजचं मनन मंडळीत रुजवायचं असेल तर: नाशिकमधल्या नवख्यांसाठी

लेंट, म्हणजे ईस्टरआधीचा उपवासकाळ, जवळ आला की चर्चमध्ये पाळकसाहेब व्यासपीठावरून सांगतात, ‘रोज बायबलमधलं वचन वाचा, मनन करा.’ आपण मान डोलावतो, घरी येतो आणि सोमवारी पुन्हा जैसे थे. वाचायचं हे कळतं. पण मनन करायचं म्हणजे सकाळी उठून नेमकं करायचं काय, हे सहसा कोणी बसून सांगत नाही.

नुकतंच दृढीकरण (कन्फर्मेशन) झालेली मुलं, लग्न होऊन नव्या मंडळीत आलेल्या सुना, नोकरीनिमित्त नाशिकला येऊन इथल्या चर्चमध्ये नाव घातलेली माणसं आणि ‘तुम्ही जरा हे मननाचं काम बघा’ असं कमिटीनं ज्यांच्या गळ्यात घातलंय ते, अशा सगळ्यांसाठी हे लिहितोय. माझं मत आधीच सांगून टाकतो: वाचन कमी ठेवा, बसणं वाढवा आणि शक्यतो अख्ख्या मंडळीनं एकच भाग वाचावा. पुढच्या सगळ्या पायऱ्या यातूनच निघतात.

पहिली पायरी: पाळकसाहेबांना भेटा

स्वतःचं पुस्तक, स्वतःचं वेळापत्रक घेऊन सुरू करू नका. आधी पाळकसाहेबांकडे किंवा फादरांकडे जा आणि वर्षभराच्या पाठांची यादी मागा. कॅथलिक चर्चमध्ये रविवारच्या वाचनांचं चक्र तीन वर्षांचं असतं, इतर दिवसांचं दोन वर्षांचं. प्रत्येक दिवसाचं वाचन आधीच ठरलेलं. सीएनआयच्या, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या, मंडळ्यांतही रविवारचे पाठ ठरलेले असतात. ज्या मंडळ्यांत असं काही नसतं, तिथे पुढच्या महिन्यात कशावर उपदेश होणार एवढं विचारलं तरी पुरे. काही जणांचं शनिवारी रात्रीच ठरतं. तुमच्या विचारण्यानं त्यांनाही जरा शिस्त लागेल, पण हे तोंडावर बोलू नका.

याचा फायदा असा की, येत्या रविवारी जो भाग उपदेशाला आहे तोच तुम्ही बुधवारी स्वयंपाकघराच्या ओट्याशी वाचलेला असतो. मग रविवारी तुम्ही प्रश्न घेऊन येता आणि कान टवकारून ऐकता.

पाळकांना आधी भेटण्याचं दुसरं कारण अधिक व्यावहारिक आहे. मंडळीत चार माणसं आठवड्याला कुणाच्या तरी घरी जमायला लागली की कुजबुज सुरू होते. पास्टोरेट कमिटीच्या निवडणुकीचं वर्ष असेल तर विचारूच नका; प्रार्थनेचा गट म्हणजे कुणाचं तरी पॅनेल, अशीच बातमी पसरते. निवडणूक तोंडावर असेल तर ती होऊ द्या, मग सुरू करा. आणि सुरू करण्याआधी उपासनेच्या सूचनांमध्ये जाहीर करा, म्हणजे दार सगळ्यांना उघडं आहे हे कळतं.

वेळ आणि जागा

पहाटेची वेळ सर्वांत चांगली, असं सगळेच सांगतात. मार्कच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायात, ३५व्या वचनात, येशू अंधार असतानाच उठून एकांतात प्रार्थनेला जातो. पण पुढची दोन वचनंही वाचा: शिमोन आणि सोबती त्याला शोधत तिथे पोहोचतात आणि सगळे तुला शोधताहेत म्हणतात. त्यालाही कोणी सलग बसू दिलं नाही. तेव्हा मध्येच मूल उठलं किंवा दूधवाला आला म्हणून मन खट्टू करू नका.

सातपूर, अंबडला पहिल्या पाळीला जाणाऱ्याला पहाटेचं प्रवचन देण्यात अर्थ नाही. त्याच्यासाठी कंपनीच्या बसमधली खिडकीची जागा चांगली: रात्री भाग वाचून ठेवायचा, सकाळी डोळे मिटून तोच आठवायचा. घर सांभाळणाऱ्या बाईला डबे गेल्यावरचा वेळ मिळतो. निवृत्त मंडळींचं बरं असतं, तरी त्यांनीही वेळ ठरवावीच, नाहीतर पेपर वाचण्यात सकाळ जाते.

पंधरा मिनिटं पुरतात. पहिल्या महिन्यात उत्साह आला तरी वाढवू नका. जागा मात्र एकच ठेवा, गॅलरीतली खुर्ची असो की पलंगाची कड. डिसेंबर-जानेवारीत नाशिकची थंडी गॅलरीत बसू देत नाही, तेव्हा आत या. मोबाईलवर बायबल वाचायला हरकत नाही, पण वचन वाचता वाचता वरून मेसेज खाली उतरतो आणि खेळ खलास. छापील प्रत घ्या, मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवा.

काय वाचायचं

‘वर्षात संपूर्ण बायबल’ ही योजना नवख्यानं घेऊ नये, हे माझं ठाम मत. बायबलमध्ये ११८९ अध्याय आहेत. रोज तीनाहून जास्त वाचावे लागतात. उत्पत्ती आणि निर्गम गोष्टींच्या ओघात निघून जातात, लेवीयमध्ये होमबलींचे नियम सुरू झाले की गाडी रुतते. मग दोन दिवसांचं राहिलेलं, चार दिवसांचं राहिलेलं, आणि शेवटी वही बंद. ही योजना ज्यांची मुरलेली सवय आहे त्यांनी खुशाल करावी.

तुम्ही मार्कपासून सुरुवात करा. चारही शुभवर्तमानांत हे सर्वांत लहान, सोळा अध्यायांचं. रोज सात-आठ वचनं घेतली तर तीन महिन्यांत आरामात होतं. मंडळीचा ठरलेला पाठ असेल तर तोच घ्या आणि त्याचे सहा तुकडे करून सोमवार ते शनिवार वाटून टाका.

जोडीला एक स्तोत्र. जुन्या अँग्लिकन प्रार्थनापुस्तकात सगळी दीडशे स्तोत्रं सकाळ-संध्याकाळ वाटून महिन्यात पुरी होतात. आपल्याला ती घाई नाही. दिवसाला एक घेतलं तर पाच महिने पुरतात. ११९वं स्तोत्र १७६ वचनांचं आहे, ते तोडून घ्या. १३१वं तीनच वचनांचं आहे आणि दमलेल्या माणसासाठी त्याच्यासारखं दुसरं नाही.

पंधरा मिनिटं कशी बसायची

बाराव्या शतकात फ्रान्समधल्या कार्थूसियन मठात ग्विगो नावाचा मठाधिपती होता. या नावाचा तिथला तो दुसरा. त्यानं वचनाशी बसण्याच्या चार पायऱ्या सांगितल्या: वाचन, मनन, प्रार्थना आणि देवाच्या सान्निध्यात नुसतं राहणं. आजही जगभर हीच पद्धत वेगवेगळ्या नावांनी चालते. ऐकायला भारी वाटतं, करायला सोपं आहे. मार्क ४:३५-४१ घेऊन बघू, वादळाचा प्रसंग.

आधी सावकाश वाचा, ओठ हलवत, स्वतःला ऐकू येईल इतक्या आवाजात. सातच वचनं आहेत. मग पुन्हा वाचा. दुसऱ्या वेळी कुठेतरी पाय अडतो. तो शब्द धरा, मोठा असो वा क्षुल्लक. इथे पुष्कळांचा पाय ‘उशी’वर अडतो. लाटा नावेत शिरताहेत, नाव भरत चाललीय आणि नावेच्या मागच्या बाजूला हा उशीवर डोकं ठेवून झोपलाय. हाच प्रसंग मत्तय आणि लूकमध्येही आहे, पण उशी फक्त मार्कनं नोंदवलीय. एखाद्याला ‘दुसऱ्याही नावा होत्या’ हे अडतं. तेही फक्त मार्कमध्येच. त्या नावांचं पुढे काय झालं? वादळ तर त्यांच्यावरही आलं असणार.

शब्द सापडला की तो तुमच्या आजच्या दिवसाजवळ आणा. गोदावरीला पूर आला की नाशिककर दुतोंड्या मारुतीकडे बघून सांगतो, पाणी गुडघ्याला लागलं, छातीला लागलं. तुमच्या घरात सध्या पाणी कुठवर चढलंय? कर्जाचा हप्ता, आईचं आजारपण, मुलाचा न येणारा निकाल, जे असेल ते. आणि या सगळ्यात तो झोपलेला वाटतो का? वाटत असेल तर तसं म्हणा.

ही झाली प्रार्थना. शिष्यांनी त्याला उठवून स्तुती केली नाही, सरळ तक्रार केली: आम्ही बुडतोय, तुला काहीच नाही का त्याचं? स्तोत्र १३चीही सुरुवात ‘कुठवर’नं होते. रविवारी माईकवर करतो तशी सजवलेली प्रार्थना इथे नको. घरात बोलता तसं बोला. ‘हे परमपवित्र, सर्वसमर्थ’ अशी दहा विशेषणं आली की समजा, तुम्ही अजून कुणाला तरी ऐकवताय.

मग गप्प बसा. दोन मिनिटं. हेच सर्वांत अवघड. गॅसचा नंबर लावायचा राहिला, धाकट्याची फी, काल कोणीतरी काय बोललं, सगळं याच दोन मिनिटांत आठवतं. आठवू द्या. मनाशी भांडू नका, पुन्हा त्या शब्दाकडे या: उशी. पुन्हा मन गेलं, पुन्हा या. काही ‘मिळालं’ पाहिजे असा हट्ट धरू नका. पुष्कळ दिवस काहीच मिळत नाही आणि तेही बसणंच असतं.

एक पथ्य पाळा. बायबल मिटून, डोळे झाकून, कुठेही उघडायचं आणि बोट पडेल ते वचन म्हणजे आजचा आदेश, हा प्रकार आपल्याकडे बराच चालतो. नोकरी सोडू का, हे स्थळ पाहू का, याची उत्तरं माणसं अशी काढतात. ते मनन नव्हे. वचन क्रमानं वाचा, त्याच्या संदर्भात वाचा आणि मोठे निर्णय पाळकांशी, घरच्यांशी बोलून घ्या.

रात्रीची पाच मिनिटं

लोयोलाचा इग्नेशियस हा १५२१ साली पाम्प्लोनाच्या लढाईत पाय जायबंदी झालेला शिपाईगडी; पुढे त्यानं येशूसंघ (जेझुइट) स्थापला. रोज थांबून आत्मपरीक्षण करण्याची त्याची रीत कॅथलिक लोकांना ठाऊक आहे. बाकीच्यांनी ‘हे त्यांचं’ म्हणून नाक मुरडू नये, कोणालाही चालते. झोपण्याआधी आभार मानायचे, मग सकाळपासूनचा दिवस एकेका तासानं डोळ्यांपुढून न्यायचा. कुठे देव जवळ होता, कुठे आपण तोंड फिरवलं ते बघायचं, क्षमा मागायची, उद्याचं एक काम त्याच्या हाती द्यायचं. पाच मिनिटांत होतं. त्याहून जास्त लांबवलं तर स्वतःलाच कोसत बसणं होतं, ते टाळा.

साधी दोनशे पानी वही ठेवली तर उत्तम. तारीख, संदर्भ, अडलेला शब्द, एक ओळ. निबंध लिहायचा नाही आणि कुणाला दाखवायचाही नाही.

घरात

आपल्याकडे दिवेलागणीला कौटुंबिक उपासनेची चाल जुनी आहे. अनेक घरांत आजींना ‘उपासना संगीत’मधल्या गीतांचे क्रमांक तोंडपाठ असतात. ती चाल मोडली असेल तर पुन्हा उभी करा, पण लहान ठेवा: ना. वा. टिळकांच्या एखाद्या भजनाचं एक कडवं, सकाळी वाचलेलीच सात वचनं, थोडी शांतता, प्रभूची प्रार्थना. मुलांना विचारायचा प्रश्न एकच: ‘तुला कोणता शब्द आवडला?’ बरोबर-चूक ठरवू नका. मुलानं ‘होडी’ म्हटलं तर होडी.

ज्यांना वाचता येत नाही किंवा दिसत नाही त्यांना यातून वगळू नका. हे ऐकून उत्तम होतं. आमच्या ओळखीच्या एका घरी आजींना मोतीबिंदू, वाचून दाखवते ती नात. वादळाचा भाग झाला, सगळे गप्प. थोड्या वेळानं आजी म्हणाल्या, ‘उशी कुणी दिली असेल गं त्याला?’ नातीला उत्तर सुचेना. आजीच पुढे म्हणाल्या, ‘दिली असेल एखाद्यानं, दमलेला बघून.’ त्या संध्याकाळी दुसरं कोणी काही बोललं नाही, बोलायची गरजही नव्हती.

घरात नवरा किंवा बायको ख्रिस्ती नसेल, तर त्यांच्यावर ही बैठक लादू नका. तुम्ही तुमच्या खुर्चीत बसा. बोलावणं एकदाच करावं, तेही प्रेमानं.

मंडळीत

इथे घाई सर्वांत जास्त नडते. नवीन कार्यक्रम काढण्यापेक्षा चालू असलेल्या गोष्टीत शिरा. बहुतेक मंडळ्यांत आठवड्याला घरगुती प्रार्थना असतेच. तिथे गाणी, साक्ष, एक छोटा उपदेश, लांबलचक प्रार्थना आणि चहा-पोहे असा क्रम असतो. पाळकांच्या संमतीनं महिन्यातून एका बैठकीत उपदेशाच्या जागी मनन ठेवून बघा. तोच भाग तीन वेळा, तीन वेगळ्या आवाजांत वाचायचा: एक ज्येष्ठ, एक बाई, एक शाळकरी मूल. प्रत्येक वाचनानंतर दोन मिनिटं शांतता. घड्याळ लावूनच, नाहीतर अर्ध्या मिनिटात कोणीतरी ‘हालेलुया’ म्हणून मोकळं होतं. मग ज्याला वाटेल त्यानं आपला शब्द सांगायचा, एका मिनिटात. दुसऱ्याच्या शब्दावर टिप्पणी नाही, सल्ला नाही, ‘मूळ ग्रीकमध्ये’ तर नाहीच.

पोह्यांचंही ठरवून टाका. फक्त चहा. नाहीतर पुढच्या घरी शिरा, त्याच्या पुढच्या घरी बटाटेवडे, आणि जिची ऐपत नाही ती बाई आपल्या घरी बैठक नको म्हणते. तसं ती बोलून दाखवत नाही, नुसती पुढची तारीख टाळते.

चालवणारा पाळकच असला पाहिजे असं नाही. नाशिकला याचा एक दाखलाही आहे. आफ्रिकेतून गुलामगिरीतून सोडवलेली मुलं शरणपूरच्या मिशनशाळेत शिकत. त्यांच्यातला जेकब वेनराइट पुढे आफ्रिकेत फिरणारा मिशनरी-संशोधक लिव्हिंगस्टन याच्या तुकडीत गेला. १८७३ साली लिव्हिंगस्टन आफ्रिकेत वारला तेव्हा तिथे कोणी पाद्री नव्हता. त्याचं हृदय झाडाखाली पुरताना अंत्यविधीची उपासना वेनराइटनं वाचली. वाचता येणारा आणि मनापासून वाचणारा माणूस पुरतो.

सीएनआयच्या मंडळीत एक गंमत होते, ती आधीच माहीत असलेली बरी. १९७० साली सीएनआय झालं ते अँग्लिकन, काँग्रेगेशनल, प्रेस्बिटेरियन अशा वेगवेगळ्या घराण्यांतून. त्यामुळे एकाच बैठकीत एकाला छापील प्रार्थना हाती असल्याशिवाय चैन पडत नाही, तर अहमदनगरकडून आलेल्या जुन्या अमेरिकन मराठी मिशनच्या घरातल्या माणसाला छापील प्रार्थना म्हणजे प्रार्थनाच वाटत नाही. दोन्ही ठेवा. सुरुवात छापील प्रार्थनेनं, शेवट आपल्या शब्दांत. वाद तिथेच मिटतो.

रविवारच्या उपासनेत मागायचं ते फारच थोडं: पाठ वाचून झाल्यावर, उपदेशाआधी, एक मिनिट शांतता. सुरुवातीला खोकले येतील, खुर्च्या करकरतील, पेटीवाल्याला वाटेल आपली वेळ आली. दोन महिने जाऊ द्या. हळूहळू लहान मुलंही त्या मिनिटाला गप्प होतात.

व्हॉट्सॲप ग्रुप हवाच असेल तर नियम कडक ठेवा. रात्री फक्त उद्याचा संदर्भ टाकायचा. सकाळी ज्याला वाटेल त्यानं एक शब्द लिहायचा. गुलाबाची फुलं, शुभ सकाळ, चमत्कारांचे व्हिडिओ, दहा जणांना पाठवा नाहीतर आशीर्वाद जाईल असे निरोप, यांपैकी काही आलं तर ॲडमिननं गुपचूप काढून टाकावं. भाषण देऊ नये.

प्रार्थना-विनंत्यांच्या बाबतीत मात्र भाषण द्यावं. मंडळीत सर्वांत जास्त माणसं इथेच दुखावतात. ‘अमक्याच्या मुलीचं मोडलं, तिच्यासाठी प्रार्थना करा’ हे प्रार्थनेच्या वेषातलं कुचाळकीचं बोलणं आहे. कुणाचा रिपोर्ट, कुणाची नोकरी, कुणाच्या घरातलं भांडण, त्या माणसानं स्वतः परवानगी दिल्याशिवाय ग्रुपवर किंवा बैठकीत नाव घेऊन सांगायचं नाही. ‘एका कुटुंबासाठी’ एवढं देवाला कळतं. आणि कुणाचं मन खोल खचलंय, झोप नाही, जगणं नको वाटतंय असं ध्यानात आलं, तर त्याला वचन पाठवून हात झटकू नका. सोबत बसा, पाळकांना सांगू का विचारा, डॉक्टरांकडे घेऊन जा.

मध्येच तुटलं तर

तुटतंच. हजेरी ठेवू नका; हजेरीपट आला की न आलेली माणसं कायमची येईनाशी होतात. राहिलेले दिवस भरून काढायचे नाहीत, आजच्या वचनापासून पुढे जायचं. बडबडे सदस्य असतातच, त्यांना वाचनाचं काम द्या, म्हणजे तोंड कामात राहतं.

वर्षाचा अंदाज घेऊन चाला. राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत रविवार सोडून चाळीस दिवस मिळतात. नवा गट सुरू करायला हा काळ उत्तम, लोकांचं मन तयार असतं. त्याच सुमारास नाशिकरोडला बाळ येशूची यात्रा, पुढे परीक्षा. मे महिन्यात निम्मी मंडळी गावी, तेव्हा दोघंतिघं बसली तरी चालू ठेवा. डिसेंबर मात्र हातचा गेलाच असं धरा. कॅरलच्या फेऱ्या, संडे स्कूलचं नाटक, फराळ, पाहुणे. गट आपोआप थांबतो. त्याची खंत करू नका, उलट नाताळाच्या आधीच जाहीर करून सुट्टी द्या आणि परत जमण्याची तारीखही त्याच वेळी सांगा: नव्या वर्षाचा पहिला सोमवार, कुणाच्या घरी ते, फक्त चहा, स्तोत्र १२१. आठच वचनं आहेत.